ताईच्या चालीने किलिमांजारो

आम्ही सहा जण किलिमांजारोला निघालो ते स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनाला पैसे उभे करायला. माझी थोरली बहीण त्यातून बरी झालेली. तिची गाठ हर-टू पॉझिटिव्ह होती, म्हणजे पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेली. ट्रास्टुझुमॅब हे त्यावरचं औषध 1998 मध्ये पहिल्यांदा मंजूर झालं. त्याआधी हा प्रकार निघाला की डॉक्टरांचेही चेहरे उतरायचे. म्हणून पैसे संशोधनालाच, हा ताईचा हट्ट.

एका देणगीदाराने विचारलं, ‘शिखर गाठलंत तर दुप्पट देतो, चालेल?’ आम्ही नको म्हणालो. तुम्हीही म्हणा. वर डोकं ठणकत असताना ‘लोकांचे पैसे बुडतील’ हा विचार मनात असला, की माणूस वेळेवर मागे फिरत नाही. आमची सगळी रक्कम निघण्यापूर्वीच संस्थेच्या खात्यात थेट जमा झाली होती. प्रवासखर्च ज्याचा त्याने केला आणि तसं आवाहनाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं. निधी संशोधनावरच खर्च होईल ना, हे संस्थेकडून लेखी घ्या. एकीने महिनाभर उत्तरच दिलं नाही, तिला सोडलं.

उपचार झालेलं कुणी बरोबर असेल तर आधी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. ट्रास्टुझुमॅब आणि काही केमोंचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. ताईच्या काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्यात, त्यामुळे हात सुजतो. दाबाची बाही ती रोज तंबूत बसून चढवायची. मनगटापाशी चुणी राहिली तर पुन्हा काढून पहिल्यापासून. गारठलेल्या बोटांनी त्याला दहा मिनिटं लागतात, निघायची वेळ ठरवताना ती धरा. बाह्या दोन न्या. केमोसाठी छातीत बसवलेल्या पोर्टच्या व्रणावर सॅकचा पट्टा घासतो, तिथे स्पंज शिवून घ्या. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी, कातडी सोलवटल्यावर सुचलं.

वाट माचामेची, सहाऐवजी सात दिवसांची. तो एक दिवस वाचवू नका. लाव्हा टॉवरला साधारण 4,600 मीटरपर्यंत चढून त्याच दिवशी खाली बरांकोच्या तळावर झोपायला येतो, त्याने शरीर उंचीला सरावतं. बरांकोच्या भिंतीवर हातांनी धरून चढावं लागतं, तिथे काठ्या सॅकला बांधा आणि सुजरा हात डोक्यावर फार वेळ ताणू देऊ नका. चाल सगळ्यात हळू माणसाची. ताई पुढे, आम्ही मागे.

बाराफू या शेवटच्या तळावरून मध्यरात्री निघालो. उजाडताना स्टेला पॉइंटला, 5,756 मीटरवर, ताईचे पाय अडखळू लागले. वाटाड्याने तिला टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ती बाजूला कलली. असा तोल जाणं म्हणजे उंची मेंदूला बाधत असल्याची खूण. उहुरू शिखर 5,895 मीटर, म्हणजे जेमतेम 140 मीटर वर, समोर दिसत होतं. ‘उतरू या,’ ती स्वतःच म्हणाली. वाटाड्या आणि मी तिला दोन्हीकडून धरून खाली आणलं. बाकीचे चौघे मदतनीस वाटाड्याबरोबर शिखरावर जाऊन आले.

ते बाराफूला परतले तेव्हा ताई सरळ चालत होती. चहा पिऊन झाल्यावर ती माझ्या सॅकवर हात उंच ठेवून झोपली.