लेस्टरचा मामा

लंडनहून लेस्टरला गेले ते भाचीला भेटायला. स्टेशनवरच ती म्हणाली, "मावशी, आधी राजाला भेटून येऊ, मग जेवू."

राजा म्हणजे इंग्लंडचा तिसरा रिचर्ड. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडला, तेव्हा वय अवघं ३२ आणि राज्य जेमतेम दोन वर्षांचं. विवस्त्र मृतदेह घोड्यावर टाकून लेस्टरला आणला, चार लोकांना दाखवला आणि ग्रेफ्रायर्स मठात पुरला. पुढे मठ पाडला गेला, मग हाडं नदीत फेकल्याची आवई उठली. ती इतकी पक्की बसली की कुणी शोधायच्या फंदात पडेना.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये समाजकल्याण खात्याच्या पार्किंगमध्ये खोदायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली!

त्या जागेवर आता काचेची जमीन आहे. वाकून पाहिलं की खाली प्रकाशात सांगाडा उमटतो. खड्डा आखूड पडलेला, त्यामुळे मान दुमडलेली. शवपेटी नाही. पावलंही नाहीत, ती नंतरच्या कुठल्याशा बांधकामात गेली. मी तिथून लवकर हललेच नाही. खड्डा आणखी वीतभर लांब खणायलाही कुणाला सवड नव्हती?

शेक्सपिअरनं रंगवलेला राजा कुबडा आणि एका हातानं अधू. सांगाड्याचे दोन्ही हात धड आहेत. कणा मात्र बाजूला चांगलाच वळलेला, उजवा खांदा वर. अंगरख्याखाली सहज झाकलं जाईल इतकंच. कवटीवर नऊ घाव. लंडनच्या टॉवर किल्ल्यात ठेवलेले, गादीचे वारस असलेले त्याचे दोन पुतणे कुठे गेले, हे हाडं कशी सांगणार? काका, पुतणे आणि गादी म्हटल्यावर मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

ओळख पटली ती बहिणीकडून. राजाची बहीण ॲन, तिच्या लेकींच्या लेकी अशी साखळी धरत संशोधक लंडनमधल्या एका सुतारापर्यंत पोचले. डीएनए जुळला.

२०१५ मध्ये राजाला कॅथेड्रलमध्ये पुन्हा पुरलं. फिकट दगडावर खोल कोरलेला क्रूस आहे, जवळ गेलं की दगडातले जीवाश्मही दिसतात. आतली ओकची शवपेटी त्याच सुतारानं बनवली.

"म्हणजे भाच्यानंच केली की मामाची पेटी," भाची म्हणाली, आणि माझा हात धरून जेवायला घेऊन गेली.