कांद्याची गोणी किती वेळा उचलायची?

मालवाहतूक रस्त्यावरून रेल्वेवर कशी आणायची, या विषयावर सध्या बरंच संशोधन चाललंय, आणि ते चालायलाच हवं. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरतं तेव्हा घर्षण फार कमी असतं. त्यामुळे तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला रेल्वेला ट्रकच्या मानाने थोडीच ऊर्जा लागते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात देशातला ७१ टक्के माल रस्त्याने आणि साधारण १८ टक्के रेल्वेने जातो असं मांडलंय. राष्ट्रीय रेल्वे आराखड्याने २०३० पर्यंत रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलंय.

मी सोलापुरात ट्रान्सपोर्टचं ऑफिस चालवतो. मार्केट यार्डातून कांदा भरून बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नईकडे गाड्या लावणं हा आमचा मुख्य धंदा. माल रेल्वेवर गेला तर माझं भाडं जाणार, हे मला कळतं. तरीही लांबचा माल रेल्वेनेच जावा असं मला मनापासून वाटतं. रात्रभर गाडी हाकून सकाळी लाल डोळ्यांनी ऑफिसात टेकणारी पोरं मी रोज बघतो. त्यांनी शंभर-दीडशे किलोमीटरच्या खेपा कराव्यात, रात्री घरी जेवावं आणि लांबचा पल्ला रेल्वेने उचलावा, असं माझं म्हणणं आहे.

परवा इंजिनिअरिंग कॉलेजची एक विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन आली होती. हुशार मुलगी, विषयाची कळकळ असलेली. पहिलाच प्रश्न होता, रेल्वेचं भाडं वीस टक्के कमी झालं तर तुम्ही माल रेल्वेने पाठवाल का? होय, नाही, सांगता येत नाही.

मी म्हटलं, "बाळ, भाड्याचं नंतर विचार. आधी विचार, एका वेळी माल किती असतो."

"म्हणजे लॉट साइज का काका?"

"तेच. आणि गोणी किती वेळा उचलावी लागते, तेही विचार."

ती गेल्यावरही हे डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकहून दिल्लीला कांद्याची अख्खी रेल्वेगाडी गेली. कांदा एक्सप्रेस म्हणून तिची बातमी सगळीकडे आली. ४२ वाघिणी (मालडबे), १,६०० टन कांदा, १७ तारखेला निघून २० ला दिल्लीच्या किशनगंज स्टेशनवर. सरकारने सांगितलेला हिशोब असा: रेल्वेने ७० लाख २० हजार रुपये खर्च, तोच माल ट्रकने नेला असता तर ८४ लाख. फरक १३ लाख ८० हजारांचा. किलोला विभागलं तर साधारण ८६ पैसे वाचले. कांद्याच्या धंद्यात किलोमागे ८६ पैसे ही मोठी रक्कम आहे. दहा-पंधरा पैशांवरून लिलावात बोली थांबलेली मी पाहिली आहे.

मग सोलापूरचा व्यापारी हे का करत नाही? नाशिकच्या त्या १,६०० टनांचा मालक एकच होता. भाव आटोक्यात ठेवायला सरकारनेच खरेदी केलेला तो साठा, पाठवायचाही एकाच शहराला. आमच्याकडे सिद्धेश्वर बाजार समितीत हंगामात एका दिवशी शेकडो गाड्या कांदा येतो. एकूण माल बघितला तर रेल्वेगाड्या भरतील एवढा असतो. पण दुपारी लिलाव उरकले की तो माल कितीतरी व्यापाऱ्यांच्या हातात वाटला गेलेला असतो. कुणाचे वीस टन बेंगळुरूच्या यशवंतपूरला, कुणाचे बारा टन हैदराबादला, कुणाचे आठच टन, तेही दुसऱ्याच्या मालाबरोबर अर्ध्या गाडीत. यातला कुणीही अख्खी रेक, म्हणजे पूर्ण मालगाडी, बुक करू शकत नाही. सगळ्यांचा माल गोळा करून, एकाच्या नावावर बुक करून, पलीकडे पुन्हा ज्याचा त्याला वाटून देणारा माणूस मध्ये नसेल, तर भाडं वीस काय, चाळीस टक्के कमी करा, यार्डाच्या गेटमधून ट्रकच बाहेर पडणार.

आता उचल-ठेव. कांदा भरताना जवळ उभं राहून बघा. पन्नास-पंचावन्न किलोची जाळीची गोणी दोघं मिळून उचलतात, हमालाच्या पाठीवर देतात. तो फळीवरून गाडीत चढतो, आत थप्पी लावणारा दुसरा असतो. गोणीला आकडा लावायचा नाही, कांदा फाटतो. आपटायची नाही, आतून मऊ पडतो आणि दोन दिवसांनी वास सुटतो. तेवढा एक कांदा शेजारचे चार घेऊन बसतो. हमालांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्यांचा हात घाईतही हलका असतो. ट्रकने माल गेला की सोलापुरात एकदा भरला, यशवंतपूरला एकदा उतरवला, संपलं. रेल्वेने न्यायचा तर यार्डात गाडीत भरा, मालधक्क्यावर उतरवा, वाघिणीत भरा, तिकडच्या धक्क्यावर उतरवा, पुन्हा गाडीत भरा, तिकडच्या यार्डात उतरवा. दोनाच्या जागी सहा वेळा. प्रत्येक वेळी हमाली, वाराई (भरणी-उतराईसाठी गाडीवाल्याकडून घेतली जाणारी रक्कम) आणि थोडी नासाडी. वाचलेले ८६ पैसे याच धक्क्यांवर संपतात. वाघीण वेळेत रिकामी झाली नाही तर डेमरेजचा दंड वेगळाच.

आमच्या जिल्ह्याने हे फार वर्षं सोसलंय. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, अडीच फुटी रुळांची. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. मोठी लाइन आणि छोटी लाइन कुर्डुवाडीला भेटायच्या. त्यामुळे बाहेरून आलेला माल तिथे एका गाडीतून दुसरीत चढवल्याशिवाय बार्शीला जायचा नाही. पुढे रुंदीकरण झालं. त्याचं मोल २०१६ च्या एप्रिलमध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती याच मार्गाने, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीवरून. आधी १० वाघिणींतून ५ लाख लिटर, नंतर ५० वाघिणींतून एका खेपेला २५ लाख. दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर झाले ते. माल एक, मालक एक, ठिकाण एक आणि मध्ये कुठे उपसाउपशी नाही. अशा कामात रेल्वेच्या जवळपासही ट्रक येऊ शकत नाही.

उचल-ठेव टाळायचा एक रस्ता आपल्या सोलापूरजवळच्या बाळे स्टेशनवर करून बघितला गेला. ३० ऑगस्ट २०२० ला बेंगळुरूजवळच्या नेलमंगलापासून बाळ्यापर्यंत रो-रो सेवा सुरू झाली. ६८२ किलोमीटर, एका खेपेला ४२ ट्रक, १,२६० टन. भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट सपाट वाघिणीवर चढतो, चाकांना ठोकळे आणि साखळ्या लावतात, उतरल्यावर ट्रक थेट गोदामात. कोकण रेल्वेवर हे कोलाड ते वेर्णा १९९९ पासून चालतं. गोणीला हात लागत नाही, मालही एकेका गाडीचाच, म्हणून आमच्या धंद्याला ही पद्धत जवळची. पण यात ट्रकचं स्वतःचं वजनही रुळावरून वाहावं लागतं आणि विजेच्या तारांखालून जायचं असल्याने उंचीला मर्यादा येते. नुसती मालाची पेटीच (कंटेनर) रेल्वेवर गेली आणि ट्रकचं इंजिन इथेच दुसऱ्या कामाला राहिलं तर ते जास्त चांगलं, असं माझं मत आहे.

छोट्या मालाचं उत्तर आमच्याच जिल्ह्यातल्या सांगोल्याने पाहिलंय. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. डाळिंब, द्राक्षं, ढोबळी मिरची, फ्लॉवर, जे असेल ते. माल किती पाहिजे याची अट नव्हती, वाटेतल्या स्टेशनांवर चढवता-उतरवता यायचा आणि फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात तेव्हा ५० टक्के अनुदान होतं. सगळे त्या अनुदानाबद्दल बोलतात. माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट होती ती किमान मालाची अट नसण्याची. दहा क्रेट डाळिंबवाल्या शेतकऱ्यालाही त्या गाडीत जागा होती. यातलं किती काम अनुदानाने केलं आणि किती त्या मोकळीकीने, हे वेगळं काढून दाखवणारा अभ्यास कुणीतरी करायला हवा. उद्याची गाडी कशी असावी, हे त्यावरूनच ठरेल.

स्वित्झर्लंडचं उदाहरण या विषयात नेहमी येतं. तिथे १९९४ मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं की आल्प्स ओलांडणारा माल रेल्वेने न्यायचा. २००१ पासून जड वाहनांवर किलोमीटर, वजन आणि धूर यांच्या हिशोबाने कर लावला, त्यातला मोठा हिस्सा रेल्वेच्या कामांना दिला. २०१६ मध्ये गॉटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा उघडला. २००० साली वर्षाला १४ लाख ट्रक डोंगर ओलांडत होते, ते ९ लाखांच्या आत आले. ठरवलेलं उद्दिष्ट साडेसहा लाखांचं आहे, ते अजून गाठलेलं नाही. पैसा, कायदा, बोगदा सगळं असूनही एवढा वेळ लागतो. मग आपल्याकडे आराखड्यात ४५ टक्के लिहून ते २०३० पर्यंत आपोआप होईल, असं कुणी समजू नये.

सोलापूरला रुळांची अडचण राहिलेली नाही. पुण्याकडची लाइन २०२२ मध्ये पूर्ण दुहेरी झाली, वीजही आली. राहिलंय ते गोळा करण्याचं काम, आणि ते आम्ही ट्रान्सपोर्टवालेच करू शकतो. कुणाचा किती माल, कुठे, किती वाजता, हे रोज संध्याकाळी आम्हाला तोंडपाठ असतं. पाच-सहा ऑफिसांनी बेंगळुरूचा माल एकत्र धरला आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी गाडी सुटेल अशी हमी मिळाली, तर पेट्या भरतील. वेळ ठरलेली मात्र हवी. एक दिवस उशीर चालेल, पण तो आधी माहीत पाहिजे. गाडी कधी पोचेल याचा भरवसा नसेल तर तिकडचा आडत्या माल सांगतच नाही.

संशोधन करणाऱ्यांना लागणारी माहिती आमच्या कपाटात पडून आहे. बिल्टीच्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीच्या, एका पानावर तारीख, कुठून कुठे, नग, वजन, भाडं, टू-पे की पेड (भाडं पोचल्यावर घ्यायचं की आधीच दिलेलं), हमाली, वाराई सगळं असतं. कोणता लॉट केवढा होता आणि परतीची गाडी भरून आली की रिकामी, हे त्यावरून कळतं. सरासरी आकड्यांत हे सापडत नाही. त्या मुलीला मी बिल्टीबुकं देणार आहे, व्यापाऱ्यांची नावं झाकून. आणखी कुणाला हवी असतील तर दुपारी चारनंतर या, तोवर लिलाव झालेले असतात आणि भरणी सुरू असते. दोन-तीन तास भरणीजवळ उभं राहायची तयारी ठेवा, प्रश्नावली त्यानंतर लिहा.