दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि आईचे तीन जिने

गेल्या पावसाळ्यात आईचे पित्ताशय काढायचे ठरले, तेव्हा घरात सर्वांना आजीची आठवण झाली. 1984 साली तिची हीच शस्त्रक्रिया झाली होती. उजव्या बरगडीखाली वीतभर चीर, रुग्णालयात दहा दिवस मुक्काम आणि खोकला आला की पोटाशी घट्ट धरलेली उशी, हे सारे आईने स्वतः पाहिलेले असल्यामुळे तिने दोन वर्षे शस्त्रक्रिया टाळली होती.

आईची शस्त्रक्रिया मात्र दुर्बिणीतून झाली. तिच्या पोटावर चार छिद्रे घेतली, त्यांतील दोन साधारण 10 मिलिमीटरची आणि दोन 5 मिलिमीटरची. दुर्बिणीला व अवजारांना जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो पेट घेत नाही आणि रक्तात सहज शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो. मात्र त्यामुळे श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, त्रास होऊन पहिले एकदोन दिवस खांदा दुखू शकतो. आईचाही दुखला, डॉक्टरांनी आधीच सांगितलेले असल्यामुळे हृदयाचे दुखणे समजून आम्ही घाबरलो नाही, एवढेच.

व्रण लहान राहतो याचे कौतुक सगळेच करतात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो मोकळा श्वास. बरगडीखालची मोठी चीर प्रत्येक खोल श्वासाला दुखते, म्हणून रुग्ण खोकणे टाळतो, छातीत कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. शिवाय मोठ्या जखमेत जंतुसंसर्ग होण्याची आणि पुढे त्या जागी हर्निया होण्याची शक्यताही अधिक असते. आई त्याच संध्याकाळी उठून चालली, दुसऱ्या दिवशी घरी आली आणि गिरगावातल्या आमच्या चाळीचे तीन जिने सावकाश, थांबत थांबत, पण स्वतःच्या पायांनी चढली.

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया 1990 साली मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. ती सरकारी रुग्णालयात झाली, याला मी फार महत्त्व देतो, कारण महिनाभर घरी बसणे हमालाला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला परवडत नाही; लवकर कामावर परतण्याची निकड सर्वांत जास्त त्यांनाच असते.

ही शस्त्रक्रिया 'बिनटाक्याची' असल्याचे सांगितले जाते, ते मात्र खरे नाही. टाके असतात, पूर्ण भूल असते, आणि सूज फार असेल किंवा पित्तनलिका स्पष्ट दिसत नसेल तर पोट उघडावेही लागते. तसे करणे हे शल्यचिकित्सकाचे अपयश नसून रुग्णाच्या हिताचा निर्णय असतो. आईच्या संमतीपत्रात हे लिहिलेले होते. डॉक्टरांनी ते मराठीत वाचून दाखवले, आईने दोनदा विचारून घेतले आणि मगच सही केली.