कॉन्डोरची पाठ

पक्षीनिरीक्षण म्हटले की मान वर करून बघणे ओघानेच येते. मानेला रग लागल्याशिवाय मोठा शिकारी पक्षी दृष्टीस पडत नाही, अशीच आपली समजूत असते. ॲरिझोनाच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीवरील नावाहो पुलावर मात्र हा शिरस्ता मोडतो. नदीपासून सुमारे १४२ मीटर उंच असलेल्या या पुलाच्या कठड्याशी उभे राहून खाली पाहावे, तर कधी कधी कॅलिफोर्निया कॉन्डोर हे अमेरिकेतील अवाढव्य गिधाड चक्क पायांखालून तरंगत जाते आणि एरवी न दिसणारी त्याची काळी पाठ भर उन्हात न्याहाळता येते.

पूल खरे तर दोन आहेत. १९२९ साली खुला झालेला जुना पूल आता फक्त पादचाऱ्यांसाठी आहे, तर वाहने १९९५ सालच्या शेजारच्या पुलावरून जातात. एका पुलावर उभे राहून दुसऱ्याच्या पोलादी कमानीतील तुळया दुर्बिणीने एकेक करून तपासाव्यात. पोलाद आणि कातळ यांत कॉन्डोर फारसा भेद करत नसावा. सावली आणि समोर मोकळी दरी मिळाली की त्याचे भागते. जवळजवळ तीन मीटरचा पंखविस्तार सांभाळणाऱ्या या पक्ष्याला सतत पंख मारणे परवडत नाही, तो तापलेल्या कड्यांवरून चढणाऱ्या हवेवर विसंबतो; त्यामुळे ऊन तापेपर्यंत तो बहुधा बसूनच असतो आणि उशिरा उठणाऱ्यांचीही येथे सोय होते.

बसलेल्या पक्ष्याचे टकले, नारिंगी डोके आणि मानेभोवतीची काळ्या पिसांची झालर दिसते, तसाच पंखावरचा क्रमांकाचा बिल्लाही. छायाचित्रकारांना तो खुपतो, मला नाही. १९८७ साली शेवटचा रानटी कॉन्डोर पकडला गेला, तेव्हा जगभरात अवघे २७ उरले होते. त्यांच्याच बंदिवासात वाढवलेल्या वंशजांना डिसेंबर १९९६मध्ये येथून जवळच्या व्हर्मिलियन कड्यांवरून मोकळे सोडण्यात आले. शिकाऱ्याच्या गोळीतील शिशाचे कण मृत जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जातात, म्हणून आजही त्यांना अधूनमधून पकडून रक्त तपासावे लागते आणि विषबाधा आढळल्यास उपचार करावे लागतात. मादी एका वेळी एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सहा-सात वर्षे लागतात. तेव्हा कोणता पक्षी कोणता, हे ओळखणाऱ्यांना बिल्ल्यावाचून गत्यंतर नाही.