रबाळेपर्यंतचा ॲनिमल मॅन

काल ठाण्याहून वाशी लोकल पकडली, विंडो सीट मिळाली म्हणून खूश होऊन बॅगेतनं ॲनिमल मॅन नावाचं सुपरहिरो कॉमिक काढलं. सेकंडहँड घेतलेला संग्रह आहे, पाठीला सेलोटेप. ग्रँट मॉरिसननी १९८८ ते १९९० मधे लिहिलेली ही सिरीज माझी तिसऱ्यांदा चाललीये. शेजारी एक काका होते, ते आधी चोरून आणि दिघ्यापासनं उघड उघड माझ्याबरोबर वाचायला लागले. लोकलमधे पेपरच्या बाबतीत हा हक्कच असतो म्हणा, पण कॉमिक शेअर करायची माझी पहिलीच वेळ.

आणि नेमकं १९ व्या अंकातलं ते पान आलं. बडी बेकर, म्हणजे आपला हिरो, वाळवंटात, काहीतरी नशेची वनस्पती खाल्लेली, मागे वळतो, वर बघतो आणि अख्ख्या पानभर नुसता त्याचा चेहरा, डोळे फाटलेले, आणि म्हणतो काय तर, मला तू दिसतोयस!

काका मागे सरकले. खरंच सरकले. "हा आपल्याकडं बघतोय की रे."

मग मी सुरू झालो, मला कोणी विचारायचाच अवकाश. म्हणलं काका, हिरोला कळलंय की तो कॉमिकमधे आहे. काकांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. म्हणे आमच्या गावच्या जत्रेत सोंगाड्या पुढे बसलेल्या पाटलांना नाव घेऊन हाक मारायचा, त्यांच्या नव्या फटफटीवरनं टोमणे मारायचा आणि परत वगात शिरायचा, त्यात काय.

बरोबरच आहे. आपल्याकडे चौथी भिंत, म्हणजे पात्रं न् प्रेक्षकांमधली ती न दिसणारी भिंत, नीट बांधलीच कोणी होती? घाशीराममधे तर भिंत म्हणून माणसंच उभी राहतात. अमेरिकन कॉमिक्समधेही हे जुनंच, १९६३ साली डॉक्टर डूम हा व्हिलन थेट त्याला घडवणाऱ्या स्टॅन ली आणि जॅक कर्बीच्या ऑफिसात घुसलेला. १९८९ ची जॉन बर्नची शी-हल्क पहिल्याच कव्हरवर वाचकाला दम देते, माझं कॉमिक घे नाहीतर तुझी एक्स-मेनची कॉमिक्स फाडून टाकीन. वाचकाशी गप्पा मारणारा डेडपूल १९९१ चा, पण तेव्हा तो असा बोलका नव्हता, त्या गप्पा १९९७ नंतर लेखक जो केलीच्या हातात वाढल्या. आणि आता त्या डेडपूलचा मला कंटाळा आलाय, कोणाला राग आला तर येऊदे. भाऊ, तू कॉमिकमधे आहेस, कळलं, पुढे बोल.

कारण सोंगाड्या काय, शी-हल्क काय, डेडपूल काय, आपण त्यांना दिसतो याची त्यांना मजा वाटते. बडीची मात्र फाटते. पाचव्याच अंकात याची चाहूल आहे, कार्टूनमधला कोल्हा रस्त्यावर मरून पडलाय आणि शेवटी चित्रकाराचा ब्रश त्याच्या रक्तात लाल रंग भरताना दिसतो. बडीला ते काहीच कळत नाही. पुढे त्याची बायको न् दोन मुलं मारली जातात आणि २६ व्या अंकात तो जाब विचारायला थेट लेखकाच्या घरी, म्हणजे मॉरिसनकडेच पोचतो. आणि उत्तर काय, तर गोष्टीत नाट्य लागतं. बस. वर मॉरिसन स्वतःची मांजर गेली ते सांगत बसतात. मला दरवेळी तिथे थांबावं लागतं, सुपरहिरोच्या कॉमिकमधे मांजर मेल्याचं खरं दुःख.

एवढं सगळं ऐरोली येईपर्यंत सांगून झालं. काका भडकले. "म्हणजे बायकापोरं उगाच मारली?"

"हो ना."

"नालायक आहे लेखक."

रबाळे आलं, काका गर्दीतनं वाट काढत उतरले. मी पान उलटलं तर खिडकीच्या गजावर टकटक, काका प्लॅटफॉर्मवरनं, "अरे, मग परत जिवंत केली का शेवटी?"

गाडी हलली होती. मी अंगठा वर केला.

"मग ठीके!"

समोरचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी पुस्तक बंद केलं, तुर्भ्यापर्यंत काही उघडलं नाही.