चौपाटीकडचा वारा

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज पहिल्यांदाच मेट्रोने माहेरी गेले. मरोळ नाक्याला बसले आणि तासाच्या आत गिरगाव, ना गाडी बदलायची ना लोकलची धक्काबुक्की. ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत लाइन सुरू झाली तेव्हापासून आई मागे लागलेली, आता तरी दर रविवारी येत जा.

सरकत्या जिन्याने वर आले आणि जागीच थांबले, कारण कुठल्या बाजूला जायचं तेच कळेना. रस्ता आपलाच, जगन्नाथ शंकरशेट रोड, पण जमिनीखालून आल्यामुळे डोक्यात दिशाच फिरलेली. ज्या रस्त्यावरून शाळा, क्लास, कॉलेज सगळं पायी केलं तिथे उभी राहून मी मोबाईलवर मॅप उघडला. फार वाईट वाटलं, अगदी घशात आवंढा आला.

तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून वारा आला, दुपारनंतर सुटतो ना तो, जरासा चिकट, खारा. झालं, कळलं चौपाटी कुठे ते. मोबाईल पर्समध्ये टाकला आणि चालायला लागले.

आमच्या घरात पूर्व-पश्चिम कधी कोणी म्हटलंच नाही. एक चौपाटीकडची बाजू आणि दुसरी भुलेश्वरकडची, बस. आमची गॅलरी चौपाटीकडची, म्हणून आई प्रत्येक कपड्याला दोन दोन चिमटे लावायची आणि बाबांच्या धोतराला चार, तरी एखादा टॉवेल खालच्या मजल्यावर जायचाच, मग तो आणायला मी आणि तिथे गेलं की अर्धा तास गप्पा. अनंत चतुर्दशीला सगळे गणपती त्याच बाजूला जायचे. केशवजी नाईक चाळीतला 1893 पासूनचा गणपती बघायला बाबा बोट धरून न्यायचे, आणि चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी थांबून दरवर्षी सांगायचे की 1920 साली त्यांना इथेच अग्नी दिला. दरवर्षी तेच, तरी मी ऐकायचे. आता वाटतं अजून एकदा सांगावं त्यांनी.

जिन्यात पाऊल टाकलं तर शेजारच्या काकूंनी वरूनच ओळखलं, "आली गं तुझी लेक!" चेहरा दिसायच्या आधी, नुसत्या पावलांवरून. चौथी पायरी मी लहानपणापासून चुकवते, ती करकरते आणि बाबांची झोप मोडायची. आज पण चुकवली.

आई म्हणाली, मेट्रोने आलीस ना, मग एवढा उशीर? चुकले होते हे नाही सांगितलं तिला.

चाळीच्या रिडेव्हलपमेंटची परत मीटिंग झाली म्हणे. व्हायला हवंच, आईचे गुडघे आणि ते जिने, आणि टॉयलेट गॅलरीच्या टोकाला, ह्या वयात तिने किती दिवस काढायचे असे. नवीन घर हवंय मलाही तिच्यासाठी, लिफ्टवालं. फक्त त्याची एक तरी खिडकी चौपाटीकडे असू दे, एवढं मी भावाला चार वेळा बजावून आले.

निघताना आईबरोबर कपडे काढले. तिच्या एका साडीला अजून चार चिमटे. लाकडी कठड्यावर जिथे बाबा कोपर टेकवून उभे राहायचे तिथे लाकूड गुळगुळीत झालंय, तळहात ठेवला तर बरोब्बर बसतो.

परत येताना मेट्रो घेतली नाही. खोताच्या वाडीत एक चक्कर मारली, ते लाकडी जिने आणि व्हरांडे बघितले आणि मग चालत चर्नी रोडला आले, वारा समोरून घेत.