पर्यायी व्यवस्थेचा रकाना

जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागात माझ्याकडे सभेचं टेबल आहे. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका तयार करायची, विभागांच्या मागे लागून टिप्पण्या मागवायच्या, नोटीस प्रत्येक सदस्याला मुदतीत मिळाल्याची पोच फाईलला लावायची आणि सभा झाली की इतिवृत्त लिहायचं. दर तीन महिन्यांत किमान एक सभा घ्यावीच लागते, त्यामुळे एक सभा संपते ना संपते तोच दुसरीची तयारी सुरू होते.

जिल्हा परिषदेची सभा म्हटली की लोकांना गोंधळ, सभात्याग आणि पेपरातली बातमी आठवते. पण सभेपुढचे बहुतेक विषय असे असतात की त्यांची बातमी कधीच होत नाही. अमुक ग्रामीण मार्गाला इतर जिल्हा मार्गाचा दर्जा देणे. आरोग्य केंद्राचं जुनं वाहन निर्लेखित करणे, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढणे. सेस फंडाचं, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचं, पुनर्विनियोजन. एखाद्या यात्रास्थळाची ‘क’ वर्गासाठी शिफारस. पीठासीन अधिकारी विषय वाचतात, एक सूचक, एक अनुमोदक, ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज, की पुढचा विषय. या विषयांवर माझा जीव आहे. जिल्ह्यातल्या माणसांच्या रोजच्या जगण्याला हात घालणारे निर्णय याच विषयांत होतात आणि तेच सगळ्यांत कमी वाचले जातात.

2018 च्या पावसाळ्याआधीच्या सभेत असाच एक विषय होता : प्राथमिक शाळांच्या धोकादायक खोल्या निर्लेखित करण्यास मंजुरी देणे, सोबत परिशिष्ट.

त्या वर्षी ते परिशिष्ट नेहमीपेक्षा खूप लांबलं होतं आणि त्याला कारण होतं. ऑगस्ट 2017 मध्ये नगर तालुक्यातल्या निंबोडीच्या शाळेचं छत कोसळलं आणि वर्गात बसलेली तीन मुलं गेली. त्यानंतर ठिकठिकाणी पाहण्या झाल्या, याद्या मागवल्या गेल्या. आमच्याकडेही शाखा अभियंते गावोगाव फिरले. एरवी निर्लेखनाचा प्रस्ताव रमतगमत येतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, बांधकाम उपविभागाचा दाखला, जुन्या सामानाचं मूल्यांकन, मग शिक्षण विभाग आणि शेवटी सभा. त्या वर्षी हे सगळं धावत आलं, आणि ते योग्यच होतं. पावसाळा तोंडावर आला होता.

यादीतला ‘बांधकाम वर्ष’ हा रकाना मी टाइप करताना वाचत गेले. जिल्हा परिषदा 1 मे 1962 रोजी अस्तित्वात आल्या. यादीतल्या काही खोल्या त्याच्याही आधीच्या, लोकल बोर्डाच्या काळातल्या होत्या. दगडी भिंती, वर कौलं. बाकीच्या नंतरच्या, पत्र्याच्या आणि स्लॅबच्या. जुन्या दगडी भिंती अजून उभ्या होत्या आणि कितीतरी अलीकडच्या स्लॅबच्या खोल्या ‘अतिधोकादायक’ या शेऱ्याखाली होत्या. सळया उघड्या पडलेल्या, छताचे पोपडे निघालेले. हे कुणाच्या काळात कसं बांधलं गेलं, हा प्रश्न निराळा आहे आणि तोही कुणीतरी विचारायलाच हवा.

सभेच्या दिवशी हा विषय आला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. शेजारच्या हॉलमधून वरणाचा वास येत होता. अध्यक्षा मॅडमनी विषय वाचला. सूचक म्हणून एका सभापतींनी हात वर केला, अनुमोदक म्हणून दुसऱ्यांनी. मी नावं टिपून घेतली आणि पुढच्या विषयाचं पान उलटलं, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, “थांबा.”

त्या ताई डोंगरपट्ट्यातल्या गटातून, म्हणजे मतदारसंघातून, निवडून आल्या होत्या. त्याआधी बचत गटाचं काम करायच्या. सभेत फार बोलत नसत, पण विषयपत्रिका वाचून येत, हे मला माहीत होतं. परिशिष्टाचं एखादं पान त्यांच्या प्रतीत नसेल तर आदल्या दिवशी त्यांचाच फोन यायचा.

“अध्यक्ष महोदया, खोल्या पाडायला माझी ना नाही. पडकी खोली पाडलीच पाहिजे. पण पाडल्यावर पोरं कुठं बसणार, ते या यादीत कुठं लिहिलंय?”

शिक्षण विभागाकडून उत्तर आलं, “पर्यायी व्यवस्था करण्यात येईल.”

“कुठं?”

“ते स्थानिक पातळीवर मुख्याध्यापक ठरवतात, ताई.”

“माझ्या गटात ठरवलंय की. मागच्या साली एका गावात खोल्या पाडल्या. सहावी-सातवी आता मारुतीच्या सभामंडपात बसते. मंदिराला मुतारी नाही. शाळेची होती, ती खोल्यांना लागून होती, तीही गेली. सातवीच्या नऊ मुलींतल्या पाच जणी शाळेत येईनात. मी घरोघर जाऊन विचारलं. आया म्हणतात, दिवसभर पोरीनं जायचं कुठं? पाणी पीत नाहीत पोरी शाळेत, पाणी.”

सभागृहात कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेतून एक सदस्य म्हणाले, “ताई, सभागृहात हा विषय बरा दिसत नाही.”

“सभागृहातच बोलणार. बाहेर बोलून झालंय माझं.”

त्यांच्या हातात शाळकरी वही होती. त्यात त्या मुलींची नावं लिहिलेली होती. एका सदस्यानं नावं वाचून दाखवा म्हटल्यावर त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, “पोरींची नावं इथं कशाला? गावाचं नाव सांगते, शाळेचं सांगते. कुणालाही पाठवा आणि बघा.”

इथून पुढचा अर्धा-पाऊण तास माझ्या नोकरीत मी ऐकलेली सर्वांत चांगली चर्चा झाली. कुणी आवाज चढवला नाही. अध्यक्षा मॅडमनी बांधकाम विभागाला सरळ विचारलं, खोली पाडली की नवी किती दिवसांत उभी राहते? उत्तर मिळालं तेही सरळ. पाडण्याची मंजुरी ही सभा देते. नव्या खोलीचे पैसे मात्र जिल्हा नियोजन समितीकडून किंवा केंद्र-राज्याच्या शिक्षण योजनेतून येतात. तिथं शाळेचा पट बघितला जातो, तिथली यादी वेगळी, तिथला प्राधान्यक्रम वेगळा. म्हणजे पाडायची यादी आणि बांधायची यादी एकमेकींना कधी भेटतच नाहीत. एका खोलीचं नाव पहिल्या यादीत आलं म्हणून ते दुसरीत येईलच असं नाही. हे बांधकाम विभागाच्या खुर्चीवरच्या माणसानं सभागृहात स्पष्ट सांगितलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. ‘लवकरात लवकर’ म्हणून वेळ मारून नेता आली असती.

मग विरोधी बाकावरचे एक जुने सदस्य उठले. वकिली केलेले गृहस्थ. त्यांनी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगितली : प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकघर. “खोली पाडली म्हणून कायदा पाडता येत नाही,” असं ते म्हणाले आणि उपसूचना, म्हणजे मूळ ठरावात दुरुस्ती, मांडायला ताईंना सांगितलं. अनुमोदन त्यांनी स्वतः दिलं. ताई सत्ताधारी पक्षाच्या, हे विरोधी पक्षाचे. मी दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली.

बांधकाम विभागाचा एक आक्षेप अगदी रास्त होता. पर्यायी जागा मिळेपर्यंत पडकी खोली तशीच ठेवली आणि ती मुलांच्या अंगावर आली तर? त्यावर बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं. जी खोली अभियंत्यांनी अतिधोकादायक ठरवली आहे ती लगेच पाडायची, त्यात कसलीच अट नाही. बाकीच्या ठिकाणी, मुलांना बसायला जागा आणि मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असल्याचा गटशिक्षणाधिकाऱ्यांचा दाखला आल्याशिवाय खोली पाडायची नाही. तोवर तिला कुलूप लावून भोवती काटेरी तारेचं कुंपण करायचं. आणि यापुढे निर्लेखनाच्या यादीत एक नवा रकाना असेल : पर्यायी व्यवस्थेचं ठिकाण व तिथली स्वच्छतागृहाची सोय.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. जेवणाला उशीर झाला होता, वरण गार झालं होतं, पण कुणी कुरकुर केली नाही.

खरा ताण मला आला तो नंतर, इतिवृत्त लिहिताना. कच्चं इतिवृत्त मी विभागांना बघायला पाठवलं. एका विभागाकडून निरोप आला की स्वच्छतागृहाचा भाग चर्चेत ठेवावा, ठरावात घेऊ नये. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सभेच्या कामात सगळा फरक इथंच असतो. चर्चेत राहिलेलं वाक्य कुणालाच बांधत नाही. ठरावात गेलेल्या वाक्याचा पुढच्या सभेत अनुपालन अहवाल द्यावा लागतो. विषयपत्रिकेवर पहिला विषय मागच्या इतिवृत्ताच्या कायमीकरणाचा, दुसरा अनुपालनाचा, आणि तिथं सदस्य उठून विचारू शकतो, की झालं का नाही? ज्या विभागाला तो अहवाल द्यायचा असतो त्याला ठराव जितका छोटा तितका बरा. त्यांचीही अडचण मला कळत होती. माणसं कमी, गावं शेकड्यांनी, आणि दाखले गोळा करायचं काम आणखी एक.

तरी सभागृहानं जे मंजूर केलं त्यातला एक शब्दही कमी करायचा अधिकार टेबलावर बसलेल्या कुणाला नाही, मला नाही आणि कुठल्या विभागाला नाही. मी उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे फाईल घेऊन गेले आणि ध्वनिमुद्रण ऐकावं अशी विनंती केली. साहेबांनी दार लावून तो सगळा भाग ऐकला. ‘पाणी पीत नाहीत पोरी’ या वाक्याशी ते थांबले, मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग उपसूचनेचा मजकूर माझ्या मसुद्याशी ताडून पाहिला आणि सही केली. पुढच्या सभेत इतिवृत्त जसंच्या तसं कायम झालं.

रकाना छापला गेला आणि तालुक्यांकडून उत्तरं यायला लागली. पहिल्या फेरीत बऱ्याच ठिकाणी ‘सोय करण्यात येईल’ एवढंच लिहून आलं. ती पत्रं शिक्षण विभागानं परत पाठवली. दुसऱ्या फेरीत गावं बोलायला लागली. ‘ग्रामपंचायतीचा हॉल, स्वच्छतागृह आहे, पाणी नाही.’ ‘समाजमंदिर, स्वच्छतागृह नाही, ग्रामपंचायत निधीतून बांधणार.’ ‘दोन वर्ग एकत्र, दुबार पाळी.’ ‘गावकरी पत्र्याचं शेड करून देतात, जागा शाळेचीच.’ एका मुख्याध्यापकांनी रकान्यात मावेना म्हणून मागच्या पानावर नकाशाच काढून पाठवला होता, नवं शेड कुठं, मुलींची मुतारी कुठं, नळ कुठं. आपल्या शाळांची खरी स्थिती मला जेवढी त्या उत्तरांतून कळली तेवढी कुठल्याच अहवालातून कळली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून कुणी लिहिलं नव्हतं.

ताईंच्या त्या गावात आधी ग्रामपंचायतीनं मंदिरामागे तात्पुरती मुतारी बांधली, नव्या खोल्या नंतर झाल्या. पाच मुलींपैकी तिघी परत आल्या. एकीचं कुटुंब ऊसतोडीला गेलं होतं. एकीचं लग्न लावून दिलं होतं. हे मला ताईंनीच सांगितलं, अनुपालन अहवालावर बोलताना, भर सभेत. ‘मुली शाळेत परतल्या’ असं मोघम वाक्य अहवालात होतं, ते त्यांनी दुरुस्त करून घेतलं.

मार्च 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि गटरचनेचा प्रश्न न्यायालयात होता, निवडणुका लांबल्या, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले. सभागृहाला कुलूप लागलं. माझं टेबल राहिलं, विषय तेच राहिले, फक्त सभेऐवजी टिप्पणी प्रशासकांपुढे जाऊ लागली आणि एका सहीत ठराव होऊ लागला. काम झपाट्यानं होतं हे खरं आहे. अधिकारी मनापासून काम करणारे होते, हेही खरं आहे. पण टिप्पणीत जे नाही ते विचारणारं माणूस त्या प्रक्रियेत नव्हतं. मागच्या रांगेतून ‘थांबा’ म्हणणारं कुणी नव्हतं. पन्नास-साठ माणसं आपापल्या गटातल्या गोष्टी घेऊन एका खोलीत बसतात, ती गोष्ट एका चांगल्या अधिकाऱ्यानं भरून निघत नाही, असं माझं अनुभवानं झालेलं मत आहे.

या काळातही निर्लेखनाची प्रत्येक यादी मी रकाना बघून पुढे पाठवली. कोरा असेल तर ठरावाचा क्रमांक आणि तारीख घालून परत.

मधे एकदा ताईंचा फोन आला. आता त्या सदस्य नव्हत्या. शेजारच्या गटातल्या एका शाळेच्या खोल्या पाडायचं चाललं होतं आणि तिथल्या बायकांनी त्यांना बोलावलं होतं. त्यांना त्या ठरावाची सत्यप्रत हवी होती, ग्रामसभेत वाचून दाखवायला. मी अर्ज करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या आल्या, सोबत त्या गावच्या दोघी होत्या. अर्ज दिला, फी भरली, प्रत घेतली. निघण्याआधी त्यांनी त्या दोघींना ठरावातलं स्वच्छतागृहाचं वाक्य बोट ठेवून दाखवलं आणि विचारलं, “आता कुणी म्हणालं की असं काही नाही, तर काय दाखवणार?”